फायबरग्लास आणि लोखंडी पाइपलाइनचे सपोर्ट: पहिली ऑर्डर घेणाऱ्यांसाठी

वरोरा, वणी, घुग्घुस, राजुरा या आमच्या पट्ट्यात फॅब्रिकेशनचं दुकान बहुतेक वेळा शेतीच्या कामावर सुरू होतं. ट्रॉलीचा हुक तुटला, वखराची पास जोडायची आहे, गोठ्याला गेट हवं, गोडाऊनला शेड हवं. मग एक दिवस जवळच्या कारखान्यातून कुणी येतं आणि विचारतं, "पाइपचे सपोर्ट करून द्याल का? शंभर-सव्वाशे नग आहेत." हातात अँगल, चॅनल, वेल्डिंग मशीन आहे, मुलं कामाची आहेत, म्हणून आपण हो म्हणतो. मीही असंच हो म्हटलं होतं.

ती लाइन सांडपाण्याची होती, ६ इंची, अर्धी लोखंडी आणि अर्धी एफआरपी, म्हणजे काचेच्या धाग्यांची आणि रेझिनची. मी दोन्हीला सारखेच सपोर्ट केले: चॅनलचा तुकडा, त्यावर पाइप, वरून यू-बोल्ट, पान्यानं कचकचून आवळलेला. डिसेंबरात लाइन चालू झाली. मे महिन्यात बोलावणं आलं. एफआरपी पाइपवर प्रत्येक यू-बोल्टखाली पांढरा पट्टा उमटला होता आणि दोन ठिकाणी पाणी पाझरत होतं. तिथले एक म्हातारे फिटर काका पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाले, "एवढं काहून कसलं रे बाबू? लोखंड नोहे थे."

सगळे सपोर्ट मला माझ्या पैशानं बदलून द्यावे लागले. त्यानंतर जे शिकलो ते पायरीपायरीनं खाली मांडलं आहे. आयटीआय करून नुकतेच दुकान टाकलेले, कारखान्यात मेंटेनन्सला लागलेले आणि ठेकेदाराकडे सुपरवायझर झालेले, या सगळ्यांना ते उपयोगी पडेल असं वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सपोर्ट म्हणजे पाइप बांधून ठेवायचा खुंटा नाही. पाइप भरतो, तापतो, लांबतो, थंड होऊन आखडतो. त्याला कुठे टेकू द्यायचा, कुठे सरकू द्यायचं आणि कुठे अजिबात हलू द्यायचं नाही, हे सपोर्ट ठरवतो. हे ठरवल्याशिवाय गॅस कटर पेटवू नका.

१. आधी कागद मागा

"साइटवर येऊन बघा, तुम्हाला समजेलच" असं कोणी म्हणालं तरी कागद मागायला लाजू नका. हे लागतील:

– लाइन लिस्ट: कोणत्या लाइनमधून काय वाहतं, किती तापमानाला, किती दाबाला.
– आयसोमेट्रिक (लाइनचं तिरकं, तिन्ही बाजू दाखवणारं) आणि जीए (सगळ्या जागेची मांडणी दाखवणारं) ड्रॉइंग.
– स्ट्रेस अ‍ॅनालिसिस (पाइपावर येणाऱ्या ताणाचा हिशेब) झालं असेल तर त्यातली सपोर्टवरच्या भाराची यादी. मोठ्या प्रकल्पात ती असतेच. लहान कारखान्यात बऱ्याचदा नसते.
– एफआरपी पाइप बनवणाऱ्या कंपनीचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल. हे नसेल तर काम सुरू करू नका.
– पेंटिंग किंवा गॅल्वनायझिंगचं (जस्ताच्या लेपाचं) स्पेसिफिकेशन.
– तपासणीचा आराखडा: कोण, कधी, काय तपासणार.

मॅन्युअलवर एवढा भर का? लोखंडी पाइपाची ताकद सगळीकडे जवळजवळ सारखीच असते, म्हणून त्याची तयार कोष्टकं आहेत. एफआरपीचं तसं नाही. काचेचे धागे कोणत्या कोनात गुंडाळले, रेझिन कोणतं वापरलं, भिंत किती जाड ठेवली, यावर त्याची ताकद बदलते. एका कंपनीच्या पाइपाला चालणारं अंतर दुसऱ्या कंपनीच्या पाइपाला चालेलच असं नाही.

२. लाइन पायी चाला आणि पाइप स्वतः मोजा

ड्रॉइंगवर मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात केबल ट्रेनं भरलेली असते. म्हणून टेप, खडू, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल नळी घेऊन पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत चाला. प्रत्येक सपोर्टला नंबर द्या आणि त्या जागेची जमिनीपासूनची उंची लिहा. याच कारणानं हे सपोर्ट 'कस्टम' असतात. पाइप तोच असला तरी एक सपोर्ट कॉलमला लटकतो, दुसरा जमिनीवर उभा राहतो आणि तिसऱ्याला जुन्या बीमला वळसा घालावा लागतो.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती जागा. "६ इंची पाइप" हे नाव आहे, माप नाही. अमेरिकन मानकाच्या ६ इंची पाइपाचा बाहेरचा व्यास १६८.३ मिमी असतो. आपल्याकडे दुकानात मिळणारा आयएस (भारतीय मानक) १२३९चा १५० एनबी, म्हणजे नावाला १५० मिमी बोअरचा, पाइप सुमारे १६५.१ मिमीचा असतो. फरक जेमतेम तीन मिमीचा, पण एकाच्या मापानं केलेला क्लॅम्प दुसऱ्यावर नीट बसत नाही. एफआरपीत गोंधळ आणखी वाढतो. तिथे बऱ्याच पाइपांचा आतला व्यास ठरलेला असतो आणि बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीप्रमाणे बदलतो.

उपाय सोपा आहे. पाइपाभोवती टेप गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४नं भागा. १६८.३च्या पाइपाचा घेर जवळपास ५२९ मिमी येतो, १६५.१च्या पाइपाचा ५१९. टेपवर पुरता एक सेंटीमीटरचा फरक दिसतो, चूक होणं अवघड. एफआरपीचा घेर प्रत्येक सपोर्टच्या जागी वेगळा मोजा.

३. वजन काढा

लोखंडी ६ इंची शेड्यूल ४० (हे भिंतीच्या जाडीचं नाव) पाइप मीटरला सुमारे २८ किलो भरतो. त्यातलं पाणी साधारण १८.६ किलो. म्हणजे भरलेली लाइन मीटरला जवळपास ४७ किलो. अशा पाण्यानं भरलेल्या लोखंडी लाइनला सपोर्टमधलं अंतर जास्तीत जास्त किती ठेवावं याचं कोष्टक एमएसएस एसपी-५८ आणि एएसएमई बी३१.१ या मानकांत दिलेलं आहे: २ इंचाला ३ मीटर, ४ इंचाला ४.३ मीटर, ६ इंचाला ५.२ मीटर, ८ इंचाला ५.८ मीटर, १२ इंचाला ७ मीटर. हे सरळ, सपाट लाइनसाठी आहे. मध्ये व्हॉल्व्ह किंवा बेंड असेल तर अंतर कमी करावं लागतं. ५.२ मीटरच्या हिशेबानं एका सपोर्टवर साधारण २४५ किलो येतात.

आता तेवढ्याच मापाचा एफआरपी घ्या. भिंत ६ मिमी धरली तर रिकामा पाइप मीटरला सहा किलोही भरत नाही. दोन माणसं अख्खी लांबी सहज उचलतात. त्यामुळे वाटतं की हलका आहे, सपोर्ट लांब लांब दिले तरी चालतील. गोष्ट नेमकी उलटी आहे. एफआरपीचा ताठपणा लोखंडाच्या जवळपास विसाव्या भागाइतकाच असतो. पाणी भरलं की तो मध्ये झोळीसारखा लवतो. म्हणून एफआरपीचे सपोर्ट जवळजवळ नेहमी लोखंडापेक्षा जास्त जवळ लागतात, आणि आतला द्रव गरम असेल तर अजून जवळ.

दोन सपोर्टच्या मध्ये पाइप किती लवला तर चालेल, याची मर्यादा बहुतेक ठिकाणी १२.५ मिमीच्या आसपास धरतात. इथे एक हिशेब डोक्यात ठेवा. अंतर वाढलं की लवणं त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. अंतर नुसतं वीस टक्क्यांनी वाढवलं तर पाइप दुपटीहून जास्त लवेल. "मधला एक सपोर्ट कमी करू, खर्च वाचेल" असं कोणी सुचवलं की हा आकडा सांगा.

आत काय वाहतं तेही बघा. ४८ टक्क्यांचा कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) पाण्याच्या जवळपास दीडपट जड असतो. पाण्याचं कोष्टक त्याला लावलं तर सपोर्ट कमी पडतील. हवेच्या किंवा वायूच्या लाइनला दुसरा धोका असतो: चालू असताना ती हलकी, पण हायड्रो टेस्टच्या (पाण्याच्या दाबानं तपासणीच्या) दिवशी पाण्यानं भरलेली. त्या एका दिवसाचाही भार धरा, नाहीतर टेस्टपुरते तात्पुरते टेकू द्या.

४. पाइप किती सरकणार ते काढा

विदर्भात ही पायरी कुणी वगळू नये. थंडीत पहाटे पाइप १५ अंशांवर किंवा त्याखाली असतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे हवेचं तापमानच ४५च्या पुढे जातं, आणि उन्हातला रिकामा पाइप हवेपेक्षा खूप जास्त तापतो. मी हिशेबाला ६० अंश धरतो.

लोखंड दर मीटरला, दर १०० अंशांना सुमारे १.२ मिमी वाढतं. एफआरपी लांबीच्या दिशेनं साधारण २ मिमी, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. ६० मीटर सरळ लाइन, ४५ अंशांचा फरक:

लोखंड: सुमारे ३२ मिमी.
एफआरपी: सुमारे ५४ मिमी.

हे फक्त उन्हाचं झालं. आत गरम द्रव असेल तर वाढ त्या तापमानानं मोजायची. शिवाय एफआरपी आतल्या दाबानंही लांबीला ताणला जातो, आणि तो आकडा मॅन्युअलमधून घ्यावा लागतो.

ही वाढ दोन्ही टोकांना पक्की अडवली तर काय होईल? ६ इंची शेड्यूल ४० लोखंडी पाइप ४५ अंशांच्या फरकाला टोकावर जवळपास ३९ टनांचा जोर देईल. कोणताही साधा सपोर्ट त्यात वाकेल किंवा पायासकट उखडेल. एफआरपी तितकाच अडवला तर जोर तीन टनांच्या आसपास राहतो, कारण तो लवचीक आहे. पण त्यात पाइप स्वतःच सापासारखा बाजूला वळतो. म्हणून लोखंडी लाइनला वाढ जिरवणारे लूप किंवा वळणं लागतात, आणि एफआरपीला त्यासोबत जवळ जवळ गाइड लागतात.

यावरून सपोर्टची चार कामं ठरतात. *रेस्ट* नुसतं वजन घेतो. *गाइड* बाजूला जाऊ देत नाही, लांबीच्या दिशेनं सरकू देतो. *लाइन स्टॉप* लांबीच्या दिशेनं अडवतो. *अँकर* सगळ्या बाजूंनी घट्ट धरतो. दोन अँकरच्या मध्ये वाढ जिरवायला लूप, वळण किंवा बेलोज (भात्यासारखा दबणारा जोड) नसेल तर ड्रॉइंग परत पाठवा आणि विचारा. प्रत्येक सपोर्टच्या नंबरपुढे या चारपैकी एक शब्द लिहिलेला असलाच पाहिजे. माझ्या वहीत आजही तसाच रकाना आहे.

५. सपोर्टचा प्रकार निवडा

लोखंडी लाइनचं काम तसं सरळ आहे. थंड पाण्याच्या लहान लाइनला यू-बोल्ट चालतो. गाइड म्हणून वापरायचा असेल तर नट पाइपावर न आवळता थोडी फट ठेवून वरून-खालून दोन नटांनी लॉक करा. गरम लाइनला पाइपाखाली टी-आकाराचा शू वेल्ड करतात, म्हणजे इन्सुलेशनला जागा राहते आणि सरकणं शूवर होतं. गाइडला दोन्ही बाजूंना साधारण ३ मिमी फट ठेवा. लोखंडावर लोखंड घासलं की भाराच्या साधारण ३० टक्के जोर आडवा लागतो, म्हणजे २४५ किलोच्या सपोर्टवर सत्तर-पंचाहत्तर किलो. हा जोर स्टँडला पाडायला बघतो. खाली टेफ्लॉनची पट्टी दिली तर तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो. स्टीमच्या लाइन वर-खाली सरकतात, तिथे स्प्रिंग हँगर, म्हणजे पाइपाबरोबर वर-खाली होणारा स्प्रिंगचा टांगता सपोर्ट, लागतो. तो विकतच घ्या, दुकानात करायच्या भानगडीत पडू नका.

स्टेनलेसचा पाइप साध्या लोखंडावर थेट ठेवू नका. मध्ये रबर किंवा टेफ्लॉन द्या.

एफआरपीचं काम नाजूक आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, कारण वर्षभर जू एकाच जागी घासलेलं असतं. जू नीट घडवलेलं असेल तर बैलाचा खांदा सुजत नाही. एफआरपीचा सॅडल, म्हणजे पाइपाखालचं कमानीचं बैठक, असाच घडवायचा. पाइपाला रेघेवर किंवा टोकावर भार सहन होत नाही, तो रुंद जागेवर पसरावा लागतो. सॅडल पाइपाच्या खालच्या अंगाला किमान १२० अंशांच्या कमानीत मिठी मारणारा हवा. मोठ्या व्यासाला कंपन्या बऱ्याचदा १८० अंश मागतात. रुंदी मॅन्युअलमध्ये दिलेली असते. सॅडलच्या दोन्ही कडा ग्राइंडरनं गोल करा, थोड्या बाहेर वळवल्या तर अजून चांगलं. आत ५-६ मिमी रबर शीट, कडेच्या बाहेर दोन-चार मिमी येईल अशी चिकटवा.

वरचा पट्टा पाइप उडू नये म्हणून असतो, आवळायला नसतो. त्याच्याही आत रबर हवं. पट्ट्याच्या कानांमध्ये ठरलेल्या मापाचा स्पेसर टाका, म्हणजे कुणी कितीही जोरानं नट फिरवला तरी पट्टा पाइपाला चेपणार नाही. हा स्पेसर मी माझ्या सगळ्या सपोर्टला देतो, ड्रॉइंगमध्ये नसला तरी. रात्रपाळीत कोण पाना फिरवेल हे आपल्या हातात नसतं. वरचा पट्टा वगळूही नका. रिकामा एफआरपी हलका असतो, पंप अचानक बंद झाला की उसळी मारतो, आणि उन्हाळी वादळात वारा त्याला उचलू शकतो. आयएस ८७५ भाग ३ मध्ये नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किमी दिला आहे.

एफआरपीचा अँकर क्लॅम्प आवळून होत नाही. पाइपावर क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना काच आणि रेझिनची जाड कॉलर चढवतात आणि क्लॅम्प तिच्यामध्ये अडकतो. ही कॉलर पाइप कंपनीच्या माणसानं किंवा त्यांनी प्रशिक्षण दिलेल्या कारागिरानंच घालावी. क्लॅम्प आपला, कॉलर त्यांची, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

व्हॉल्व्हचं वजन एफआरपीवर कधीही टाकू नका. ६ इंची लोखंडी गेट व्हॉल्व्ह माणसाएवढा जड असतो, आणि चाक फिरवताना पिळही पाइपात जातो. व्हॉल्व्हला खालून स्वतःचा पक्का सपोर्ट द्या. पाइप जोडणीच्या सांध्यावर किंवा थेट एल्बोवर सॅडल बसवू नका, बाजूच्या सरळ भागात घ्या.

६. पाया: काळी माती ओळखा

बाहेरगावाहून येणारे ठेकेदार सगळ्यात जास्त इथे चुकतात, आणि आपल्या शेतकरी घरातल्या पोरांना हे आधीच माहीत असतं. आपली काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आखडून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दोन फुटांच्या खड्ड्यात काँक्रीटचा पॅडेस्टल (सपोर्टखालचा ठोकळा) ओतला तर तो पावसाळ्यात वर येतो आणि उन्हाळ्यात खाली बसतो, तेही प्रत्येक ठिकाणी वेगवेगळा. लोखंडी लाइन थोडं सोसते. एफआरपीच्या लाइनला एक सपोर्ट खाली गेला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो, आणि मधल्या सांध्यात तडा पडतो.

म्हणून खणायला जेसीबी आला की खड्ड्यात स्वतः उतरून बघा. मुरूम लागेपर्यंत जा. तो उथळ असेल तर पाया थेट त्यावर घ्या. काळी माती खोल असेल तर सिव्हिल इंजिनिअरला विचारून अंडररीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेला काँक्रीटचा खोल खांब) घ्या. आयएस २९११ भाग ३ मध्ये अशा मातीसाठी पाइलची किमान लांबी ३.५ मीटर सांगितली आहे, कारण तेवढ्या खोलीपर्यंत ओलावा ऋतूप्रमाणे बदलतो. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत बाजूला भरू नका, मुरूम भरा आणि पाणी लांब जाईल असा उतार द्या.

तरीही मी बेस प्लेट आणि स्टँडमध्ये उंची कमी-जास्त करायची सोय ठेवतो: लांबट भोकं, शिम (उंची भरायच्या पातळ पट्ट्या) आणि खाली पंचवीसेक मिमी ग्राउटची (नंतर भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाची) जागा.

७. ड्रॉइंग मंजूर करून घ्या, दर नगावर लावा

प्रत्येक प्रकाराचं साधं ड्रॉइंग करा, नंबर टाका आणि कारखान्याच्या इंजिनिअरची सही-शिक्का घ्या. तोंडी मंजुरीवर एकही नग कापू नका.

लोखंडी रॅकचं काम किलोवर परवडतं. एफआरपीच्या सॅडलला लोखंड कमी आणि मेहनत खूप असते: कमान वाकवणं, कडा गोल करणं, रबर चिकटवणं. त्याचा दर नगावर लावा, नाहीतर मजुरी अंगावर येईल. उद्यम नोंदणी केलेली ठेवा, ती फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हावं असा कायदा आहे. बिलावर उद्यम क्रमांक टाकला की मागणी करायला आधार मिळतो.

८. बनवताना

लागणारी अवजारं फार नाहीत: रोलिंग मशीन किंवा कमानीचा डाय, ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानंच आवळणारा पाना), टेप, आणि पाइपाच्या मापाचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा. फर्म्याशिवाय सॅडल करू नका. लोखंड आयएस २०६२चं घ्या आणि टेस्ट सर्टिफिकेट जपून ठेवा, बिल त्याच्यावाचून अडतं.

भोकं ड्रिलनं पाडा, गॅसनं नाही. गॅल्वनायझिंगला जाणाऱ्या मालात बंद पाइप किंवा बंद खोका असेल तर त्याला हवा जायला भोक ठेवलंच पाहिजे. जस्ताची टाकी ४५० अंशांची असते. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तुकडा फुटतो आणि टाकीवरचा माणूस भाजतो. मी हे प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी दाखवतो.

सगळीकडे गॅल्वनायझिंग चालत नाही. वीज केंद्रात किंवा कारखान्यात जिथे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची टाकी आहे, तिथे वाफेनं जस्त लवकर जातं. अशा जागी इपॉक्सी पेंट किंवा एफआरपीचेच स्ट्रक्चर मागतात. स्पेसिफिकेशन वाचा.

सपोर्टचा नंबर पंचनं ठोका. रंगानं लिहिलेला नंबर गॅल्वनायझिंगमध्ये टिकत नाही.

९. बसवताना

कामाआधी गेट पास, उंचीवर काम करण्याचा परमिट, हॉट वर्क (वेल्डिंग-कटिंगचं काम) परमिट, पोरांचे पीएफ-ईएसआयचे कागद. एका कागदावाचून दिवस गेटवर जातो.

क्रम असा ठेवा. सगळे स्टँड आधी उभे करा, लेव्हल नळीनं किंवा डम्पीनं (लेव्हल बघायच्या दुर्बिणीनं) उंची जुळवा, मग पाइप ठेवा. पाइप वाकवून किंवा साखळी-पुलीनं ओढून सपोर्टवर आणू नका. लोखंडात तो ताण दिसत नाही, एफआरपीत सांधा उघडतो. जुळत नसेल तर सपोर्ट हलवा.

एफआरपी पाइप आल्यानंतर जवळ वेल्डिंग करावंच लागलं तर ओलं फायर ब्लँकेट टाका. ठिणगीनं पडलेला काळा ठिपका म्हणजे जळालेलं रेझिन. पाइपावर पाय देऊन वर चढू नका, शिडी घ्या.

शू किंवा सॅडल बीमच्या मधोमध ठेवायची सवय सोडा. पाइप ५४ मिमी एका बाजूला जाणार असेल तर थंड असताना शू त्याच्या निम्म्यानं, म्हणजे २७ मिमी, उलट्या बाजूला ठेवा. एका ठिकाणी मी जेमतेम दीडशे मिमीचे शू बघितले. मे महिन्यात त्यातले तीन बीमवरून घसरून लटकत होते. तीनशे मिमीचा शू थोडा महाग पडतो, पण तो घसरत नाही.

बोल्ट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलच्या आकड्यानं.

१०. टेस्ट आणि पहिला उन्हाळा

हायड्रो टेस्टला स्प्रिंग हँगरच्या लॉक पिन लावलेल्या असू द्या. लाइन चालू करण्याआधी त्या काढल्याची एकेक करून खात्री करा, विसरलेली पिन म्हणजे स्प्रिंग नसल्यातच जमा. पाइप भरत असताना प्रत्येक सपोर्टजवळ जा. रबर एका बाजूला चेपलं आहे का, सॅडलखाली हात जाईल एवढी फट आहे का, दोन सपोर्टच्या मध्ये दोरी ताणून पाइप किती लवला, हे लिहून ठेवा.

मग माझी एक पद्धत आहे. प्रत्येक सरकत्या सपोर्टवर, शूच्या कडेला लागून, बीमवर पांढऱ्या ऑइल पेंटनं रेघ मारतो आणि तारीख व तापमान लिहितो. मे महिन्यात दुपारी एकदा आणि जानेवारीत पहाटे एकदा जाऊन रेघेपासूनचं अंतर मोजतो. हिशेबाएवढं अंतर आलं तर लाइन मोकळी आहे. रेघ जागच्या जागी असेल तर पाइप कुठेतरी अडकला आहे, आणि ताण जवळच्या बेंडमध्ये किंवा फ्लँजमध्ये जमतो आहे. बहुतेक वेळा तिथे कुणीतरी गाइडला टॅक (वेल्डिंगचा ठिपका) मारलेला असतो किंवा फटीत गिट्टी अडकलेली असते. पहिल्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, काळ्या मातीवरच्या सगळ्या पॅडेस्टलची लेव्हल परत घ्या. दहा मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर शिम घाला, आणि मेंटेनन्सच्या माणसाकडे मोजमापांचा कागद सहीनिशी द्या.